पापुद्रा सुटू नये म्हणून

१९७० च्या मे महिन्यात डर्बीच्या रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या नव्या आरबी२११ जेट इंजिनाच्या पंख्यावर एक मेलेली कोंबडी प्रचंड वेगाने झाडली. प्रवासी विमानाच्या इंजिनाला ही परीक्षा चुकत नाही. धावपट्टीच्या आसपास पक्षी असणारच, आणि एखादा आत ओढला गेला तरी इंजिनाने दगा देता कामा नये. दोन मीटरहून मोठ्या व्यासाच्या त्या पंख्याची पाती धातूची नव्हती. कार्बनचे तंतू राळेत बसवून, थरावर थर रचून ती घडवली होती. कंपनीने या पदार्थाला ‘हायफिल’ असे नाव दिले होते. बाकीच्या सगळ्या परीक्षा या पात्यांनी पार केल्या होत्या. या एका परीक्षेत त्यांच्या चिंधड्या उडाल्या.

पुढचा इतिहास ब्रिटनमध्ये अजून विसरला गेलेला नाही. पर्याय म्हणून टायटॅनियमच्या पात्यांचे काम आधीपासून चालू होते, ती बसवण्यात आली. इंजिन जड झाले, वेळ गेला, पैसा गेला. सप्टेंबर १९७० पर्यंत विकासाचा खर्च १७ कोटी पौंडांवर पोचला होता, आणि एक इंजिन बनवायला लागणारा खर्च हे इंजिन घेणाऱ्या लॉकहीड या विमान कंपनीशी ठरलेल्या विक्रीच्या किमतीहून जास्त झाला होता. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले आणि एडवर्ड हीथ यांच्या सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. या सगळ्याचे खापर एकट्या हायफिलवर फोडणे अन्यायाचे आहे. करारच असा होता की खर्च वाढला तर तो कंपनीच्या अंगावर येणार होता, आणि इंजिनात इतरही अडचणी होत्या. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर त्या मे महिन्यातली घटना दिवाळखोरीपेक्षाही महत्त्वाची आहे. तंतू मजबूत आहे म्हणून वस्तू मजबूत होत नाही, हे त्या दिवशी सगळ्या जगासमोर आले.

तंतूंमध्ये खोट नव्हती. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स आणि त्यांचे सहकारी जॉन्सन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा धागा ताणून धरत भाजण्याची पद्धत बसवली. त्याआधी जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी त्याच कच्च्या मालापासून कार्बन तंतू काढले होते, आणि त्याही आधी, १९५८ मध्ये, अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना कार्बनच्या केसांसारख्या बारीक काड्या मिळाल्या होत्या. फार्नबरोचा तंतू ताणाला पोलादाच्या तोडीचा होता आणि वजनाला पोलादाच्या पाव हिश्शाहूनही कमी. असा तंतू हाती आल्यावर कुणालाही मोह झाला असता.

पण तंतूची ही ताकद फक्त त्याच्या लांबीच्या दिशेने असते. एका थरातले तंतू एका दिशेला, वरच्या थरातले दुसऱ्या दिशेला, असे रचत गेले की पृष्ठभागावर कोणत्याही दिशेने ओढा, कुणी ना कुणी तंतू भार घ्यायला पुढे येतो. जाडीच्या दिशेने मात्र कुणीच नसते. दोन थरांच्या मध्ये राळेची एक पातळ पट्टी असते आणि तिच्या जिवावर सगळा डोलारा उभा असतो. कार्बन तंतू आणि इपॉक्सी नावाच्या राळेच्या पट्टीला तंतूंच्या दिशेने ओढले तर ती जेवढा ताण सोसते, त्याच्या जेमतेम तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढा ताण जाडीच्या दिशेने दिला तरी थर एकमेकांपासून सुटतात. कारखान्यातले लोक याला डीलॅमिनेशन म्हणतात. वेगाने येणारा पक्षी पात्यावर आदळतो तेव्हा पाते वाकते, आतले थर एकमेकांवरून घसरू पाहतात आणि राळेची पट्टी फाटते. एकदा थर सुटले की सलग पात्याच्या जागी सुट्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा उरतो, आणि पातळ पट्टी वाकायला आणि मोडायला किती वेळ लागणार?

योगायोग असा की त्याच वर्षी, १९७० मध्ये, बायरन पाइप्स आणि निकोलस पगानो या दोघा अमेरिकनांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गणिताने दाखवले की थर सुटायला पक्ष्याचीही गरज नाही. वेगवेगळ्या कोनांत रचलेल्या थरांची पट्टी नुसती ओढली, तरी प्रत्येक थराला आपापल्या परीने आकसायचे किंवा तिरके व्हायचे असते. शेजारचा थर त्याला तसे करू देत नाही. ही ओढाताण पट्टीच्या मधल्या भागात दिसत नाही, ती कडेला येऊन साठते. कापलेली कड, ड्रिलने पाडलेले भोक, बोल्टची जागा, जिथे जिथे थर उघडे पडतात तिथे तिथे आतल्या आत उकलण्याचा ताण तयार होतो. डर्बीत जे घडले त्याला एक धक्का कारणीभूत होता. पाइप्स-पगानोंच्या गणिताने सांगितले की हा रोग थरांच्या रचनेतच आहे.

पंख्याच्या पात्यांचा प्रश्न पुढे सुटला. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या जीई९० इंजिनात कार्बनची पाती आली. त्यांची राळ मुद्दाम चिवट केलेली होती आणि पुढच्या धारेला टायटॅनियमचे कवच होते. त्यानंतरच्या लीप इंजिनात तर धागे तिन्ही दिशांनी विणून पाते घडवले जाऊ लागले. पण पंखा हा इंजिनाचा थंड भाग. तिथे राळ तग धरते. मला सांगायची आहे ती गोष्ट याच्या पलीकडची, जिथे राळ जळून जाते तिथली.

राळेलाच उष्णता सोसायला शिकवण्याचा एक मोठा प्रयत्न १९७० च्या दशकात क्लीव्हलंडच्या नासा लुइस केंद्रात झाला. टिटो सेराफिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएमआर-१५ नावाची पॉलिइमाइड राळ तयार केली. ती जवळजवळ ३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, आणि एफ४०४ या लढाऊ विमानाच्या इंजिनाची बाहेरची नळी तिच्यापासून बनू लागली. मात्र जी राळ उष्णता सोसते ती स्वभावाने ठिसूळ असते, आणि ठिसूळ राळ थरांना घट्ट धरून ठेवत नाही. शिवाय तंतू तापल्यावर लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही, राळ मात्र वाढते. इंजिन चालू झाले, बंद झाले, पुन्हा चालू झाले, की दर वेळी ही ओढाताण होते आणि बारीक तडे पडत जातात. हे तडे एकमेकांना जाऊन मिळाले की पापुद्रा सुटतो.

त्याहून वरच्या तापमानाला उरतो तो कार्बनच. कार्बनच्या तंतूंना कार्बननेच सांधायचे, ही कल्पना प्रयोगशाळेतल्या एका अपघातातून निघाली. १९५८ मध्ये चान्स व्हॉट या विमान कंपनीत एका कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे तंतू आणि राळेच्या अशा मिश्र पदार्थात, तंतूंचे प्रमाण किती, हे मोजायचे होते. त्यासाठी राळ हवेत जाळून टाकायची होती. काहीतरी चुकले, हवा पोचली नाही आणि राळ जळण्याऐवजी कोळसली. हाती जो काळा तुकडा आला तो बघून तिथल्या लोकांनी त्याला केरात टाकले नाही, हे त्यांचे श्रेय. कार्बन-कार्बन नावाचा पदार्थ तिथून जन्माला आला. ऑक्सिजन नसेल तर २,००० अंशांच्या वरही त्याची ताकद टिकते. आजही त्याला पर्याय शोधणे अवघड आहे.

याच कंपनीच्या वारसदारांनी पुढे स्पेस शटलचे नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा बनवल्या. वातावरणात परत शिरताना शटलचे जे भाग १,२६० अंशांच्या वर तापत, तिथे उष्णतारोधक फरशा चालत नसत. तिथे हे काळे-करडे कार्बन-कार्बन लागे. प्रत्येक पंखाच्या कडेला असे २२ तुकडे असत. तुकडा करण्याची रीत जरा बारकाईने सांगण्यासारखी आहे. आधी रेयॉनचे कापड घ्यायचे, हो, साड्यांना वापरतात त्याच जातीचे. ते भट्टीत भाजून ग्राफाइट करायचे. मग त्याला फिनॉलिक राळ पाजायची, थर कापून साच्यावर एकावर एक बसवायचे आणि दाबाखाली पक्के करायचे. पुन्हा भट्टी, आता राळेचा कार्बन व्हायचा. या वेळी राळेतून वायू सुटतात आणि ती आकसते. तापमान जरा घाईने चढवले तर आत कोंडलेला वायू थरच्या थर उचलून टाकतो, म्हणजे वस्तू आकाशात जायच्या आधीच भट्टीत तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून दम धरून, हळूहळू तापवायचे. तरीही आत पोकळ्या राहतातच. त्या भरायला निर्वात पेटीत फरफ्युरिल अल्कोहोल मुरवायचे आणि पुन्हा भाजायचे, असे तीनदा. शेवटी अ‍ॅल्युमिना, सिलिकॉन आणि सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीत पुरून आर्गॉनच्या भट्टीत १,७०० अंशांहून अधिक तापवायचे, म्हणजे वरच्या थराचेच सिलिकॉन कार्बाइड होते आणि आतल्या कार्बनला हवेपासून आडोसा मिळतो. हवा लागली तर कार्बन साधारण ५०० अंशांपासूनच झिजायला लागतो.

एवढे सोपस्कार करूनही दोन थरांच्या मधली जागा दुबळीच राहिली. कापडाचे थर रचून केलेल्या कार्बन-कार्बनची थरांमधली ताकद साधारण १० मेगापास्कलच्या आसपास असते. इपॉक्सीच्या पट्टीलाही आपण दुबळी म्हणालो, पण हा आकडा तिच्याही कितीतरी खाली आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे शटल उडाले. ८१.७ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फेसाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर, बहुधा आठव्या तुकड्याजवळ, आदळला. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास होते. १ फेब्रुवारीला परतताना तिथून तप्त वायू पंखात शिरला. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परत आले नाहीत. त्या वर्षी ७ जुलैला टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो इथे तेवढ्याच वजनाचा फेसाचा तुकडा खऱ्या आठव्या तुकड्यावर झाडून पाहिला, तेव्हा त्याला सुमारे ४० सेंटीमीटर रुंद भगदाड पडले. हे निव्वळ थर सुटण्याचे प्रकरण नव्हते, आघाताने कवच फुटले होते. पण उष्णता सोसणारा पदार्थ आघात सोसेलच असे नाही, हे इतक्या दुःखद रीतीने आधी कधी सिद्ध झाले नव्हते. डर्बीच्या पात्यांनंतर ३३ वर्षांनी तोच प्रश्न अनेक पटींनी तापलेल्या जागी उभा राहिला होता.

मधल्या काळात उपाय शोधणारे गप्प बसले नव्हते. उपाय एकच होता, जाडीच्या दिशेनेही काहीतरी घालायचे. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर एकत्र ठेवून गोधडीला टाके घालतात, तेच काम इथे करायचे होते. नासाच्या लँगली केंद्राने १९९० च्या दशकात विमान कंपन्यांबरोबर खरोखरच टाके घातले. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचला त्यासाठी अवाढव्य शिलाई यंत्र उभे केले आणि टाके घातलेला, सुमारे १३ मीटर लांबीचा पंखाचा सांगाडा २००० मध्ये भार देऊन तपासला. दुसऱ्या काहींनी कार्बनच्या बारीक खिळ्या थरांतून आरपार ठोकल्या. रॉकेटच्या नळकांड्यांसाठी आणि क्षेपणास्त्रांच्या नाकांसाठी धागे तीन-चार दिशांनी विणून मग त्यात कार्बन भरण्याची पद्धत बसली. भारतात २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून अग्नी उडाले तेव्हा वातावरणात पुन्हा शिरणाऱ्या त्याच्या अग्रभागासाठी कार्बन-कार्बनचे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी इथेच उभे केले होते, कारण हे तंत्र कुणी विकत देत नव्हते. अब्दुल कलामांनी त्याचा अभिमान आयुष्यभर बाळगला, आणि तो रास्तच होता.

पण सुईची किंमत असते. सुई जिथे शिरते तिथले तंतू तुटतात किंवा बाजूला सरकतात, आणि त्या जागी राळेचा खळगा तयार होतो. थर सुटायचे थांबतात, पण पृष्ठभागाच्या दिशेची ताकद कमी होते. सात मायक्रॉन जाडीच्या तंतूंच्या गर्दीत अर्ध्या मिलिमीटरची सुई घालणे हे घावच घालणे आहे. तंतूंना धक्का न लावता त्यांच्या मधून जाईल, एवढी बारीक सुई हवी होती.

ती १९९१ मध्ये दिसली. जपानमधल्या त्सुकुबा इथे एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इइजिमा ग्राफाइटच्या कांड्यांमध्ये विजेचा कमान-झोत पेटवून साठलेली काजळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना कार्बनच्या नळ्या दिसल्या, एकात एक बसलेल्या, काही नॅनोमीटर जाडीच्या. अशा नळ्या त्याआधीही काहींनी पाहिल्या होत्या, पण जगाचे लक्ष गेले ते इइजिमांच्या निबंधामुळे. कार्बन तंतूच्या शेजारी दहा नॅनोमीटरची नळी ठेवली तर ती त्याच्या सातशेव्या हिश्शाएवढी भरते. तंतूंच्या मधून जायला तिला कुणाला ढकलावे लागत नाही.

पहिला विचार सरळ होता, राळेत नळ्या मिसळायच्या. तो फसला, निदान अपेक्षेइतका साधला नाही. नळ्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. थोड्या जास्त घातल्या की राळ इतकी दाट होते की कापडात शिरतच नाही. शिरली तरी कापड नळ्यांना गाळून बाहेरच ठेवते, आणि जिथे त्या हव्यात तिथे पोचत नाहीत. मग दिशा बदलली. नळ्या बाहेरून आणण्याऐवजी तंतूंवरच का उगवू नयेत? डेलावेअर विद्यापीठात एरिक थॉस्टेन्सन आणि त्सू-वेई चाऊ यांच्या गटाने २००२ मध्ये कार्बन तंतूंवर अशा नळ्या उगवून दाखवल्या. तंतू आणि राळेची पकड सुधारली. पण वाटेत एक अडसर उभा राहिला. नळी उगवायला लोखंडासारख्या धातूचे कण लागतात आणि सातशे-आठशे अंशांची भट्टी लागते. त्या उष्णतेत लोखंड कार्बन तंतूलाच कुरतडते. जाडीची ताकद मिळवताना लांबीची ताकद गमावायची, हा सुईचा जुना व्यवहार नव्या रूपात समोर आला.

उष्णता सोसणाऱ्या तंतूंनी इथे वाट दाखवली. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी १९७५ मध्ये सिलिकॉन कार्बाइडचा तंतू काढला होता. तो हवेत हजार अंशांच्या वरही टिकतो, म्हणजे नळ्या उगवण्याच्या भट्टीचे त्याला भय नाही. २००६ मध्ये हवाई विद्यापीठाचे विनोद वीडू आणि मेहरदाद घासेमी-नेझाद यांनी, केरळात जन्मलेले आणि तेव्हा अमेरिकेच्या रेन्सेलर संस्थेत असलेले पुलिकेल अजयन यांच्याबरोबर, सिलिकॉन कार्बाइडच्या विणलेल्या कापडावर झायलीन आणि फेरोसीनच्या वाफेतून कार्बन नळ्यांचे दाट रान उगवले. प्रत्येक थरावर उभ्या नळ्यांची लव आली. असे थर एकमेकांवर ठेवून त्यांनी इपॉक्सी भरली.

थर किती घट्ट धरले गेले हे मोजायची रीत साधी आणि सुंदर आहे. साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी बनवायची. ती रचतानाच मधल्या थरात एका टोकाला टेफ्लॉनची अतिशय पातळ फिल्म ठेवायची, म्हणजे तिथे थर चिकटत नाहीत आणि तड्याला सुरुवात मिळते. त्या टोकाला वर-खाली दोन बिजागऱ्या चिकटवायच्या आणि यंत्राने त्या हळूहळू लांब ओढायच्या. पट्टीच्या कडेला टंकलेखनातली चूक खोडायची पांढरी शाई लावतात आणि तिच्यावर बारीक खुणा करतात. पांढऱ्यावर काळी रेघ सरकत जाताना दिसते, तोच तडा. तो किती सरकला आणि त्यासाठी किती जोर लागला, एवढे टिपायचे. त्यावरून एक चौरस मीटर थर उकलायला किती ऊर्जा लागते हे निघते. साध्या ठिसूळ इपॉक्सीच्या पट्टीत ती १०० ते २५० ज्यूल भरते. थर सुटण्याच्या शास्त्राचा सगळा लेखाजोखा या एका पट्टीवर उभा आहे.

वीडूंच्या पट्टीत ही ऊर्जा ३४८ टक्क्यांनी वाढली. थर एकमेकांवरून घसरवून केलेल्या दुसऱ्या चाचणीत वाढ ५४ टक्क्यांची होती. साहजिकच जगभर कौतुक झाले. मीही हा निबंध या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतो. पण एक गोष्ट तेव्हाच्या कौतुकात बाजूला पडली. तंतू हजार अंश सोसणारा असला तरी मधली इपॉक्सी दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे टिकत नाही. म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कापडाची ती परीक्षा थंड जागेतली होती.

कार्बन तंतूंचा अडसर एमआयटीत ब्रायन वॉर्डल यांच्या गटाने वेगळ्या युक्तीने दूर केला. नळ्यांचे रान सिलिकॉनच्या चकतीवर उगवायचे आणि मग राळ लावलेल्या चिकट थरावर उलटे दाबून तिथे सोडून द्यायचे. भट्टीत जाते ती चकती, तंतूला लोखंडाचा स्पर्शही होत नाही. वरून दुसरा थर ठेवून तापवले की वितळलेली राळ केशाकर्षणाने नळ्यांमध्ये आपोआप चढते आणि नळ्या दोन्ही थरांत शिरून बसतात. एका चौरस सेंटीमीटरवर अब्जावधी टाके, आणि एकाही तंतूला इजा नाही. २००८ मध्ये त्यांनी लिहिले की उकलण्याला होणारा विरोध दीड ते अडीच पट आणि घसरण्याला होणारा तिप्पट झाला. २०१३ मध्ये त्याच गटाने तंतूला एका खास लेपाने जपत, ४८० अंशांइतक्या कमी तापमानाला नळ्या थेट तंतूवर उगवण्याची रीतही दाखवली. २०२४ मध्ये अतिपातळ थरांच्या कॉम्पोझिटमध्ये ६२ टक्क्यांपर्यंत सुधारणा झाल्याचे त्यांनी जाहीर केले. आकडा २००८ पेक्षा लहान दिसतो. अशा दोन आकड्यांची सरळ तुलना मात्र होत नाही, कारण सुधारणा आधीच्या पदार्थाच्या मानाने मोजलेली असते. मुळातच चिवट असलेल्या राळेत थोडी भर घालणेही कठीण असते.

आता पुन्हा आगीकडे. कार्बनची नळी हीसुद्धा कार्बनच आहे. हवेत ५००-६०० अंशांपुढे ती जळते. म्हणून ज्यांना खरोखर तप्त भागात काम करायचे होते त्यांनी दुसऱ्या नॅनो-वस्तू शोधल्या. बर्कलीत १९९५ मध्ये बोरॉन नायट्राइडच्या नळ्या तयार झाल्या होत्या. त्या हवेत ८०० अंशांपर्यंत तग धरतात. जपानमध्ये अकिरा कोह्यामा यांच्या वर्तुळातल्या संशोधकांनी सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंवर सिलिकॉन कार्बाइडच्याच नॅनोतारा उगवल्या. चीनमधल्या शिआन इथे ली हेजुन यांच्या गटाने कार्बन-कार्बनवरच्या लेपात अशाच तारा घातल्या, म्हणजे लेपाला तडा गेला तरी तारा त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. कोलंबियानंतर या लेपाचे मोल कुणाला सांगायला नको. २०१७ मध्ये, तोवर राइस विद्यापीठात आलेल्या अजयन यांच्याच गटाने नासाच्या ग्लेन केंद्रासोबत सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंवर सिलिकॉन कार्बाइडच्या वेड्यावाकड्या नळ्यांची लव आणली. शेजारच्या दोन तंतूंवरच्या नळ्या एकमेकींत गुंततात आणि तंतू वेगळे व्हायला विरोध करतात. वीडूंच्या प्रयोगाने अर्धी ठेवलेली गोष्ट इथे पुढे गेली, आता नळीही आग सोसणारी होती.

इथे मात्र एक पेच आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. राळेच्या कॉम्पोझिटमध्ये तंतू आणि राळेची पकड जितकी घट्ट तितके चांगले. सिरॅमिकमध्ये हे उलटे होते. सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंभोवती सिलिकॉन कार्बाइडच भरले आणि दोघे घट्ट चिकटले, तर भरलेल्या भागात पडलेला तडा थेट तंतूत शिरतो आणि कपबशी फुटावी तशी वस्तू फुटते. म्हणून तिथे तंतूवर बोरॉन नायट्राइडचा, मायक्रॉनहूनही पातळ, मऊ लेप मुद्दाम देतात. तडा आला की तो लेपापाशी वळतो, तंतूच्या कडेने सरकतो, तंतू शाबूत राहतो. म्हणजे तंतूपाशी पकड सैल हवी आणि थराथरांत घट्ट हवी. तंतूवर नॅनोतारांची लव उगवली तर दोन्हीकडची पकड एकदमच घट्ट होते. लेपाच्या बाहेरून उगवायच्या की आतून, किती दाट, किती लांब, यावर पदार्थ चिवट होणार की काचेसारखा ठिसूळ, हे ठरते. नॅनोतारा घातल्या आणि काम झाले, असे इथे होत नाही.

२०१६ मध्ये लीप इंजिन प्रवासी विमानांतून उडू लागले. त्याच्या पुढच्या पंख्यात तिन्ही दिशांनी विणलेली कार्बनची पाती आहेत आणि आत टर्बाइनच्या भोवती सिलिकॉन कार्बाइडच्या कॉम्पोझिटचे आवरण आहे, निकेलच्या मिश्रधातूच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या वजनाचे. ते आवरण ज्या भरवशावर टिकते तो भरवसा बोरॉन नायट्राइडच्या लेपाचा, शिस्तीत रचलेल्या थरांचा आणि वर्षानुवर्षे केलेल्या तप्त चाचण्यांचा आहे. इंजिनात एखादी वस्तू बसते ती विक्रमी टक्केवारीमुळे नव्हे. हजारो तास तापून, थंड होऊन, पाण्याच्या वाफेत झिजून ती तशीच राहील याची खात्री झाली तरच ती बसते. नॅनोपदार्थांच्या बाबतीत या खात्रीचे काम अजून बरेच व्हायचे आहे, आणि ते काम कष्टाचे, संथ आणि बक्षिसे न मिळवून देणारे आहे.

म्हणून आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि प्रयोगशाळांत या विषयात उतरणाऱ्या तरुणांना माझी एक विनंती आहे. नळ्या उगवून केलेली पट्टी उकलून पाहण्याआधी ती हवेत, खऱ्या कामाच्या तापमानाला, निदान शंभर तास भट्टीत ठेवा. मग बिजागऱ्या लावा, पांढरी शाई लावा आणि मोजा. जो आकडा येईल तो कमी असेल, कदाचित फारच कमी. तोच छापा आणि त्याच्या शेजारी तापमान आणि तासही छापा.